'ओव्हर' म्हणजे वरच का?

माझी मामेबहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घाटघरची. जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या वाटेवरचं हे गाव. एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी चाचणी होती.

"दादा, ओव्हर म्हणजे वर ना?"

"हो. का गं?"

"मग सलाईन 'ओव्हर एट अवर्स' द्यायची म्हणजे आठ तासांच्या वर ना? म्हणजे नऊ-दहा तास चालली तरी चालेल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. कारण तिच्या तर्कात चूक सापडेना. 'ओव्हर एट अवर्स' याचा अर्थ 'आठ तासांपेक्षा जास्त' असा होतोच की. मीटिंग ओव्हर एट अवर्स चालली, असं म्हटलं तर तोच अर्थ. पण सलाईनच्या बाटलीबद्दल हेच शब्द आले की अर्थ फिरतो: थेंब-थेंब असं सोडा की बाटली आठ तासांत संपेल. घाईनं चार तासांत नको, रेंगाळत दहा तासांतही नको. मराठीत आपण इथे 'वर' आणूच शकत नाही, आपण 'त' वापरतो. आठ तासांत.

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथं सरळ 'इन' का नाही लिहीत? 'त' म्हणजे 'इन' ना?"

आता मात्र मी गडबडलो. कारण इंग्रजीत 'इन एट अवर्स' लिहिलं तर त्याचा अर्थ बऱ्याचदा 'आठ तासांनी' असा होतो. 'आय विल कॉल यू इन टू अवर्स' म्हणणारा माणूस दोन तासांच्या आत फोन करत नाही, दोन तासांनंतर करतो. 'आत' म्हणायचं तर 'विदिन' लागतं. म्हणजे मराठीतला 'त' इंग्रजीत कधी 'ओव्हर' होतो, कधी 'विदिन', आणि जिथे 'इन' दिसतं तिथे मराठीत 'नी' निघतं.

ओव्हर म्हणजे वर, इन म्हणजे त, टू म्हणजे ला, बाय म्हणजे ने, फ्रॉम म्हणजे पासून, ऑफ म्हणजे चा-ची-चे. हा तक्ता तुम्हीही पाठ केला असणार. क्लासच्या भिंतीवर, गाइडच्या मागच्या पानावर, आता रील्समध्ये. मला या तक्त्यावर टीका करायची आहे. इंग्रजी नको म्हणून नाही. घाटघरच्या मुलीला इंग्रजी हवंच आहे, आणि नीट हवं आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिका असं सांगितलं, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं त्यालाही, २००० सालापासून मोजलं तर, पाव शतक झालं. एवढ्या काळात आपण प्रेपोझिशन शिकवायला याच्याहून बरं काही शोधलं नाही, ही माझी तक्रार.

मामांच्या घरी पावसाळ्यात पर्यटक जेवायला येतात. नाणेघाट, जीवधन, वानरलिंगीचा सुळका बघायला पुण्या-मुंबईची पोरं शनिवार-रविवारी झुंडीनं येतात. बहीण बारावीत असताना तिनं स्वतः रंगवून एक बोर्ड लावला. वर मराठी, खाली इंग्रजी. इंग्रजी असं: 'होमली फूड ॲव्हेलेबल. बिफोर २ किलोमीटर फ्रॉम नाणेघाट. टेल ऑर्डर बिफोर २ अवर्स.' कुणीतरी त्याचा फोटो काढला, खाली हसण्याचे इमोजी टाकले आणि तो फिरत-फिरत तिच्याच कॉलेजच्या ग्रुपवर आला. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांतल्या निम्म्यांना बरोबर वाक्य काय होतं ते सांगता आलं नसतं, याची मला खात्री आहे.

तो बोर्ड मी नीट वाचला. तिला म्हणायचं होतं, 'नाणेघाटाच्या दोन किलोमीटर अलीकडे'. मराठीत क्रम कसा आहे बघा: आधी जागा, मग अंतर, मग संबंध दाखवणारा शब्द. इंग्रजीत अंतर पहिलं, मग संबंध, मग जागा: 'टू किलोमीटर्स बिफोर नाणेघाट'. आणि शाळेत तिला काय शिकवलं होतं? प्रेपोझिशन म्हणजे आधी येणारा शब्द. 'प्री' म्हणजे आधी. म्हणून तिनं तो सगळ्यांच्या आधी ठेवला, अंतराच्याही आधी. नियम तिनं गरजेपेक्षा जास्त इमानानं पाळला, एवढाच तिचा गुन्हा. 'बिफोर २ अवर्स'चंही तेच. 'दोन तास आधी'मध्ये मराठीत 'आधी' मागे आहे, म्हणून इंग्रजीत तो पुढे आणायचा, असा तिचा हिशोब. इंग्रजीला तिथे 'टू अवर्स इन ॲडव्हान्स' असं काहीतरी हवं असतं.

पण 'अलीकडे' या शब्दापाशी मी जास्त वेळ रेंगाळलो. अलीकडे आणि पलीकडे. ओढ्याच्या अलीकडे, खिंडीच्या पलीकडे. बोलणारा कुठे उभा आहे ते या दोन शब्दांच्या पोटात असतं. पलीकडेला इंग्रजीत 'बियाँड' किंवा 'अक्रॉस' सापडतो. अलीकडेला एका शब्दाचं रोजचं प्रेपोझिशन नाही. 'ऑन धिस साइड ऑफ' अशी चार शब्दांची मोळी बांधावी लागते. शिवाय 'अलीकडे' म्हणजे 'हल्ली' असाही अर्थ आहेच. जागेचा शब्द काळाला लावायची खोड सगळ्या भाषांना असते, पण प्रत्येकीची वाट निराळी. तक्त्यात 'अलीकडे' नसतो. कारण तक्ता इंग्रजी शब्दांची यादी घेऊन सुरू होतो आणि मराठी शब्द त्यासमोर बसवतो. ज्या मराठी शब्दाला समोर जोडीदार नाही, तो गळतो.

घाटघरमध्ये दोन दिवस कान उघडे ठेवून राहिलात तर असे किती शब्द गळतात ते कळेल. साधा 'घाट' घ्या. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि अख्ख्या डोंगररांगेला चिकटवला: वेस्टर्न घाट्स. आपल्याकडे डोंगरातला घाट म्हणजे डोंगर नव्हे, डोंगर ओलांडायची वाट. म्हणून 'घाटात गाडी बंद पडली' म्हणजे वाटेत बंद पडली. 'घाटावरची माणसं' म्हणजे वाटेवर उभी असलेली माणसं नव्हेत, देशावरची, पठारावरची माणसं. (मुंबईत शिवीसारखा वापरतात तो 'घाटी' यातूनच आला.) 'घाटाखाली' म्हणजे कोकणात, इथे मुरबाडच्या बाजूला. 'घाटानं उतरला' म्हणजे त्या वाटेनं गेला. मामी नुसतं 'खाली गेलेत' म्हणाली तरी कळतं की माणूस वैशाखऱ्याच्या दिशेनं गेला, आणि 'वर आले' म्हटलं की खालून चढून आले.

आता हे तक्त्यानं करून बघा. घाटात: इन द घाट. घाटावर: ऑन द घाट. घाटाखाली: अंडर द घाट. पहिलं कसंबसं चालेल. दुसऱ्यानं इंग्रज वाचकासमोर नदीकाठच्या पायऱ्या उभ्या राहतील, वाराणसीतल्या. तिसऱ्यानं माणूस डोंगराखाली गाडला जाईल. 'वर' हा 'ऑन'ही नाही आणि 'ओव्हर'ही नाही. 'घाटावर' या जोडशब्दाचा मिळून एक अर्थ आहे, आणि तो सह्याद्रीच्या उभ्या कड्यानं दिलेला आहे.

म्हणजे घाटघरच्या मुलाला जागेची जाण कमी आहे म्हणून तो प्रेपोझिशन चुकवतो, असं म्हणायची सोय नाही. उंची, उतार, आडोसा, समोरची बाजू, मागची बाजू यांबद्दल तो शहरातल्या मुलापेक्षा बारकाईनं बोलतो. त्याच्याकडे जे आहे ते वर्गात कुणी विचारत नाही. वर्गात विचारतात: द कॅट इज डॅश द टेबल. घाटघरमध्ये मांजर टेबलावर बसत नाही असं नाही. टेबलच फार घरांत नसतं.

तक्त्याचं मूळ कुठे आहे? अर्धं आपल्या स्वतःच्या व्याकरणात. 'स, ला, ते' आठवतंय? द्वितीया: स, ला, ते. तृतीया: ने, ए, शी. चतुर्थी: पुन्हा स, ला, ते. पंचमी: ऊन, हून. षष्ठी: चा, ची, चे. सप्तमी: त, ई, आ. संस्कृतचा साचा घेऊन त्यात मराठी ओतलेली आहे. दादोबा पांडुरंगांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६चं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चं. मराठीला हा साचा नीट बसतो का, यावर तेव्हापासून वाद झाले. पुढे अरविंद मंगरूळकरांनी तर व्याकरणाचा पुनर्विचारच मांडला. विद्वानांत वाद चालू राहिले आणि शाळेत तक्ता चालू राहिला. मग कुणीतरी त्या तक्त्याला उजवीकडे आणखी एक रकाना जोडला आणि त्यात इंग्रजी शब्द भरले. झालं प्रेपोझिशन.

'ने'चं काय होतं बघा. बसने गेलो: बाय बस. सुरीने कापलं: विथ अ नाइफ. रामाने आंबा खाल्ला: इथे इंग्रजीत काहीच नाही, नुसता राम. पावसाने रस्ता खचला: बिकॉज ऑफ द रेन. नियमाने वाग: अकॉर्डिंग टू. या वाटेने ये: बाय किंवा अलाँग. एका 'ने'ची सहा रूपं, त्यांतलं एक शून्य. 'ला' तर त्याहून नखरेल. जुन्नरला जातो, तिथे टू. जुन्नरला राहतो, तिथे इन. मला भूक लागली, आंब्याला मोहोर आला, कुत्र्याला घाबरतो, त्याला दोन बहिणी आहेत: प्रत्येक ठिकाणी इंग्रजी वाक्याचा सांगाडाच बदलतो. जो विद्यार्थी 'ला' म्हणजे 'टू' हे प्रामाणिकपणे लावेल तो 'आय ॲम अफ्रेड टू डॉग' लिहील. त्याच्या वहीत लाल फुली येईल. फुली तक्त्यावर मारायला हवी होती.

इथे एक गोष्ट सरळ दिसते, आणि ती वर्गात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. कुठला प्रत्यय लागणार हे मराठीत बऱ्याचदा क्रियापद ठरवतं. घाबरतो ते 'ला'. रागावतो ते 'वर'. भांडतो ते 'शी'. लग्न करतो तेही 'शी'. हसतो ते 'ला'. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही. 'कुत्र्यावर घाबरतो' असं ऐकलं तर तुम्ही लगेच दचकाल. इंग्रजीतही तेच आहे, फक्त जोड्या वेगळ्या आहेत. अफ्रेडला ऑफ हवा, अँग्रीला विथ, मॅरीडला टू, लाफला ॲट. प्रेपोझिशन मागच्या शब्दाशी बांधलेलं असतं, आणि रिकामी जागा भरताना मूल बघतं ते पुढच्या शब्दाकडे. डॅशच्या पुढे 'डॉग' आहे, तर डॉगला काय लागेल? डॉगला काहीच लागत नाही. लागतं ते अफ्रेडला. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्नप्रकार मुलाचं लक्ष चुकीच्या बाजूला नेतो, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे. तो तपासायला सोपा आहे म्हणून टिकून आहे.

जुन्या तर्खडकर भाषांतर पाठमालेला आज कुणी फारसं विचारत नाही. तिच्या तीन भागांवर आपल्या आजोबांच्या पिढीनं इंग्रजी घासलं. तिच्यात बोलीभाषेचा वारा कमी, वाक्यं कधी-कधी इतकी कोरडी की हसू यावं. तरी तिच्या बाजूनं एक सांगायला हवं. ती तुमच्याकडून अख्खं वाक्य करून घेते. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, पुन्हा मराठीतून इंग्रजीत. अख्खं वाक्य लिहिताना प्रेपोझिशन सुटं राहत नाही, क्रियापदाचा हात धरूनच येतं. आजचं गाइड आणि आजचं रील त्या मानानं मागे गेलेत.

रील्समधला तो त्रिकोण तुम्ही पाहिला असेल. वरती मोठ्या भागात इन, मधे ऑन, टोकाला ॲट. देश-शहर-महिना-वर्ष म्हणजे इन. रस्ता-वार-तारीख म्हणजे ऑन. नेमकी जागा-नेमकी वेळ म्हणजे ॲट. मोठं ते छोटं. मला हा त्रिकोण तक्त्यापेक्षा आवडतो, कारण त्यात निदान विचार आहे: इन म्हणजे आवार, ऑन म्हणजे पृष्ठभाग, ॲट म्हणजे बिंदू. पण तीस सेकंदांत तो संपतो आणि त्याच्या पुढचं सगळं झाकून ठेवतो. कारमध्ये बसलो तर इन द कार, बसमध्ये बसलो तर ऑन द बस. सकाळी इन द मॉर्निंग, रात्री ॲट नाइट. रात्र सकाळपेक्षा छोटी कधी झाली? शनिवार-रविवारला ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन माणूस 'ऑन द वीकेंड'. 'डिफरंट'च्या पुढे फ्रॉम, टू की दॅन, यावर त्यांच्यातच एकमत नाही. १६७२ साली ड्रायडननं बेन जॉन्सनच्या लिखाणात वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन आलं म्हणून नाक मुरडलं, आणि पुढे शेकडो वर्षं इंग्रजीचे मास्तर तीच छडी घेऊन बसले. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचं घर असं. आपल्याला मात्र कुणी सांगतं की तीन कप्प्यांत सगळं मावतं.

आणि घरी जाणं? 'गो होम'. टू नाही, इन नाही, काही नाही. इंग्रजीत पूर्वी शब्दांना विभक्तीची रूपं होती, ती झिजली, आणि त्यांचं काम प्रेपोझिशननं उचललं. 'होम'मध्ये त्या जुन्या रूपाचा ठसा राहिला. आपल्या 'घरी'मधला 'ई'ही तसाच जुना. रात्री, सकाळी, दारी, घरी. 'घरात' आणि 'घरी' यांत काय फरक आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण समजावून सांगायला बसलात तर घाम फुटेल. 'आई घरी आहे' आणि 'उंदीर घरात आहे'. उंदीर 'घरी' नसतो.

झिजण्याचा विषय निघालाच आहे तर घाटघरहून पुढे नाणेघाटात चला. घाटाच्या डोक्याशी लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहनांचा मोठा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा, राणी नागनिकेशी जोडलेला. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले याची त्यात जंत्री आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी तो वाचला म्हणून आज आपल्याला कळतो. पर्यटक आत जातात, सेल्फी काढतात, बाहेर येऊन दगडी रांजणाला टेकून आणखी एक काढतात. मीही काढलेत.

त्या लेखाच्या आरंभी देवांना नमन आहे. 'गणेशाय नमः' आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. संस्कृतात नमःला चतुर्थी लागते, म्हणून गणेशाय. इंद्राला नमन करायचं तर इंद्राय नमः. नाणेघाटाच्या भिंतीवर मात्र 'नमो इंदस' आहे. 'इंदस' ही षष्ठी. म्हणजे शब्दशः 'इंद्राचं नमन'. दहावीच्या संस्कृतच्या पेपरात असं लिहिलंत तर अर्धा गुण जाईल. आणि इथे राजघराण्यानं ते दगडात कोरून घेतलं आहे! ही चूक नव्हे. प्राकृतात चतुर्थीची रूपं मागे पडली होती आणि तिचं काम षष्ठी करत होती. बोलणाऱ्यांनी वापरून-वापरून तो नियम केला. आपल्या 'रामास', 'देवास'मधला 'स' याच षष्ठीच्या घराण्यातला मानला जातो. म्हणजे 'स, ला, ते' घोकताना आपण जो पहिला 'स' म्हणतो, त्याचा पूर्वज घाटघरच्या पोरांच्या रोजच्या खेळायच्या जागेत भिंतीवर कोरलेला आहे.

यावरून लगेच कुणी म्हणेल, मग सगळ्या चुका नियमच समजायच्या का? नाही. 'इंदस' लाखो लोक बोलत होते, म्हणून तो नियम होता. माझ्या बहिणीचा 'बिफोर २ किलोमीटर फ्रॉम' तिचा एकटीचा आहे. पण 'डिस्कस अबाऊट'चं काय? पुस्तकी इंग्रजीत डिस्कसला अबाऊट लागत नाही. मराठीत मात्र '-बद्दल चर्चा' असते, म्हणून आपण अबाऊट लावतो. हिंदीवालेही लावतात, नायजेरियातही लावतात. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत आठवड्यातून दहा वेळा ऐकू येतो. अर्थाचं त्यात रतीभर नुकसान नाही. तरी मुलाखतीत 'डिस्कस अबाऊट' म्हणणाऱ्या पोराच्या तोंडावर समोरच्यानं ओठ दुमडलेले मी पाहिलेत. तो पोरगा मीच होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, मुलाखत घेणाऱ्याचं तर मला आठवतही नाही. ओठ आठवतात.

उलट ज्या चुकांनी खरंच काही बिघडतं, त्यांना कुणी हसत नाही, कारण त्या ऐकून चुकीच्या वाटतच नाहीत. मराठीतला 'पर्यंत' घ्या. 'सोमवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'सोमवारपर्यंत इथे राहा'. दोन्हीकडे पर्यंत. इंग्रजीत पहिला 'बाय मंडे', दुसरा 'अंटिल मंडे' किंवा 'टिल मंडे'. पहिल्यात काम एकदा करायचं आहे आणि सोमवार ही शेवटची मुदत. दुसऱ्यात गोष्ट सोमवारपर्यंत चालूच राहणार. 'आय विल फिनिश इट टिल मंडे' म्हटलं तर समोरचा अर्थ लावून घेईल. पण 'द रूम इज अव्हेलेबल बाय संडे' असं कळवलंत तर? तुम्हाला म्हणायचं होतं रविवारपर्यंत खोली मोकळी आहे. वाचणारा समजेल की खोली आत्ता भरलेली आहे, रविवार उजाडेतो मोकळी होईल. व्याकरणाची एकही फुली न पडता गिऱ्हाईक गेलं. 'तीन दिवसांपासून ताप आहे' याचं 'सिन्स थ्री डेज' केलं तर डॉक्टरला कळतं, फक्त ते 'फॉर थ्री डेज' हवं असतं. पण 'तीन दिवसांत या' आणि 'तीन दिवसांनी या' यांत फरक आहे, आणि 'इन थ्री डेज' लिहिलेली चिठ्ठी मराठी माणूस पहिल्या अर्थानं वाचतो.

हे आमच्या घरात घडलंही आहे. एका गटानं वाटेतून मेसेज केला, 'रीचिंग इन टू अवर्स'. बहिणीनं वाचलं, दोन तासांत. म्हणजे दीड तासातही टपकतील. मामी चुलीशी बसली, पिठलं झालं, भाकऱ्या झाल्या. मंडळी सव्वादोन तासांनी आली आणि भाकरी गार म्हणून कुरकुरली. चूक कुणाचीच नव्हती. पण बोर्डाचा फोटो फिरला, या 'इन'चा कोण काढणार?

मला वाटतं, शिकवायला सुरुवात इथून करावी. ज्यानं औषध, मुदत, पैसा, वेळ बिघडतो ती प्रेपोझिशन आधी: बाय आणि टिल, इन आणि विदिन, फॉर आणि सिन्स, आणि माझ्या बहिणीचा तो ओव्हर. सुटी नकोत, अख्ख्या वाक्यांत. 'निल बाय माउथ'सारखी पाटी दवाखान्यात दिसते, ती तशीच एकसंध पाठ व्हावी; तिथला 'बाय' योगायोगानं आपल्या 'ने'शी जुळतो, तोंडाने काही नाही. ऑन द बस की इन द बस, हे शेवटच्या बाकावर बसवलं तरी चालेल. गुणांच्या हिशोबात हे उलटं आहे, मला माहीत आहे.

हे सगळं उपयोगाचं झालं. पण या शब्दांत उपयोगापलीकडचंही काही असतं, आणि ते मला दाखवलं एका मराठी माणसानं इंग्रजीत लिहिलेल्या कवितांनी. अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' १९७६ साली पुस्तकरूपानं आलं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. घाटघर ज्या पुणे जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातली जेजुरी. संग्रहात शेवटाकडे एका कवितेचं नावच 'बिटवीन जेजुरी अँड द रेल्वे स्टेशन' असं आहे. देवस्थान मागे पडलंय, स्टेशन अजून यायचंय, आणि माणूस मधे उभा. तिथे ज्वारीच्या रानात कोंबड्या नाचताना दिसतात, आणि कोलटकर त्या नाचाचं वर्णन करत बसत नाहीत. 'अप' आणि 'डाऊन' हे शब्दच पानभर वर-खाली उधळून देतात. व्याकरणाच्या पुस्तकात जे सर्वांत किरकोळ मानले जातात, ज्यांचा डॅश करून मुलांना पकडतात, तेच शब्द उड्या मारतात. या माणसानं प्रेपोझिशन तक्त्यातून शिकलं असतं तर हे जमलं नसतं, असं मला वाटतं. 'बिटवीन' म्हणजे 'च्यामध्ये' हे कळायला तक्ता पुरतो. बिटवीनमध्ये उभं राहून बघायला पुरत नाही.

बहिणीला मी ती कविता वाचायला दिली. ती म्हणाली, "कोंबड्या बरोबर नाचतात." एवढंच. चाचणीत तिला 'ओव्हर'चा प्रश्न आला नाही; 'इन केस ऑफ'चा आला, तो बरोबर आला.

यंदा जूनच्या आधी नवा बोर्ड करायचा होता. तिनं मला बरोबर इंग्रजी विचारलं. मी ऐटीत सांगितलं: 'टू किलोमीटर्स बिफोर नाणेघाट'. मामा बाजूला दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि जे खालून, वैशाखऱ्याकडनं घाट चढून येत्यात, त्यांच्या हिशोबानं आपण अलीकडं कसं?"

खरंच की. त्यांच्या हिशोबानं आम्ही नाणेघाटाच्या दोन किलोमीटर पलीकडे. बहिणीनं ती ओळ काढून टाकली आणि तिथे पिवळ्या रंगात मोठा बाण काढला.